श्रीखालची रेघ

भटू, तुझा पॅच पास.

हे वाक्य आधी लिहून टाकते, कारण माझ्या प्रस्तावना तुला कधीच सहन व्हायच्या नाहीत. तपासणीचे कागद हातात घेऊन मी "एकंदरीत बघता" म्हणाले, की तू टेबलावर डोकं टेकून घोरल्याचं सोंग करायचास. "पास का नापास ते सांग, पॅचनी सासू!" तर पास. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, एकही दुरुस्ती न सुचवता पास. आपल्या ऑफिसात असं आजवर झालं नव्हतं. ते झालं तेव्हा तू जागेवर नव्हतास, याचा मला आनंदाइतकाच राग आलाय.

तुझ्याबद्दल आता सगळे फार गोड बोलतात. खालच्या मजल्यावरचे साडीवाले परवा जिन्यात थांबवून म्हणाले, "बडा शांत लडका था." मी मान हलवली. काय करणार? पण मनात म्हटलं, हे कुठल्या भटूबद्दल बोलतायत? आमचा भटू एका रेघेवरून माझ्याशी अख्खा पावसाळा भांडला. ऑफिसच्या चहावाल्यालाही पंच म्हणून बसवायचा, आणि तो माझ्या बाजूने बोलला की त्याचा चहा पांचट आहे म्हणायचा.

तुझ्या त्या रेघेबद्दल मला बोलायचंय. शोकसभेत कोणी बोललं नाही. बोललं असतं तरी कोणाला कळलं नसतं.

तुला आठवत असेलच, पण मला पुन्हा सांगू दे. सुरतेत रिंग रोडवर कापड मार्केटच्या डोक्यावर आपलं ऑफिस. खाली साड्यांचे गठ्ठे, वर आपण. कागदावर काढलेली नक्षी जॅकार्ड मागाला कळेल अशा, पुठ्ठ्यांवर पाडायच्या भोकांत बदलून देणारा प्रोग्राम आपण बनवायचो आणि किरणभाई तो बमरोलीपासून कामरेजपर्यंतच्या कारखान्यांना विकायचे. तू बमरोलीचा, धुळ्याकडून आलेल्या माग कामगाराचा मुलगा. मी कोसाडच्या कॉलनीतली, परभणीची. दोघं मराठीच, पण पहिल्या आठवड्यात एकमेकांचं बोलणं कळण्यासाठी आपल्याला हिंदीचा आधार घ्यावा लागला होता. तू अहिराणीत "काय शे?" म्हणालास की मी हसायची, मी "काय करायलास?" म्हणाले की तू हसायचास. किरणभाई दोघांकडे बघून म्हणायचे, "तमे बे एकज भाषा बोलो छो के?"

तेव्हा प्रोग्रामचे बदल फ्लॉप्यांवर ठेवायची पद्धत होती. कपाटात फ्लॉप्यांची चळत, वर चिकटवलेल्या कागदांवर "नवीन", "एकदम नवीन", "हीच वापरा". ती चळत तू बंद पाडलीस. व्हर्जन कंट्रोल तू आणलंस. कोणी, कधी, काय बदललं आणि का बदललं, हे सगळं एका जागी ठेवणारा प्रोग्राम. बदल आत टाकताना दोन ओळींची नोंद लिहायची. पुढे कधीही त्याला विचारलं, की तो सगळ्या नोंदी ओळीने ओकतो आणि दोन नोंदींच्या मध्ये आडव्या रेषांची एक रेघ मारतो. त्या नोंदी वाचून गिऱ्हाइकासाठी बदलांची यादी काढणारा छोटा प्रोग्राम आपल्या आधी तिथे काम करणाऱ्या मुलाने लिहून ठेवला होता आणि तो नोकरी सोडून बडोद्याला गेला होता. रेघ दिसली की नोंद संपली, एवढीच त्याची अक्कल.

आणि तू तर श्री घातल्याशिवाय काही लिहायचा नाहीस. रजेच्या चिठ्ठीवर श्री, डब्याच्या हिशेबावर श्री, आणि व्हर्जन कंट्रोलच्या नोंदीतसुद्धा वर इंग्रजी अक्षरांत श्री, खाली झकास आडवी रेघ, मग मजकूर. लहानपणी पाटीवर वडिलांनी शिकवलेलं, तसंच्या तसं. बाकी कुठल्या देशातल्या प्रोग्रामरने असं केलं असेल, मला नाही वाटत.

व्हायचं ते झालं. यादी काढणाऱ्याला तुझी रेघ दिसायची, तो म्हणायचा, चला, नोंद संपली. मग पुढच्या दोन ओळी नव्या नोंदीचा नंबर आणि तारीख असणार असं समजून गिळून टाकायचा. तुझ्या नोंदी असायच्या दोनच ओळींच्या. त्यामुळे छापून आलेल्या यादीत माझ्या नावापुढे काम, आणि तुझ्या नावापुढे श्री. पुन्हा श्री. पुन्हा श्री. किरणभाईंनी चष्मा वर करून मला विचारलं होतं, "शैलाबेन, आ छोकरो काम करे छे के जाप?"

आपण तेव्हा पोट धरून हसलो होतो. दोन आठवड्यांनी हसू बंद झालं.

बमरोलीच्याच एका कारखान्याला नवा प्रोग्राम गेला. तू नोंदीत स्वच्छ लिहिलं होतंस, हा बदल फक्त नव्या मागासाठी, जुन्यावर लावला तर किनार उलटी पडेल. यादीत त्या जागी नुसता श्री. कारखान्यात जुने माग. शेठ स्वतः साडी घेऊन आले आणि किरणभाईंच्या टेबलावर पसरली. किनारीवर मोरांची रांग, सगळे मोर पाय वर करून. आणि तू पुढे होऊन, अगदी गंभीरपणे, ती साडी फिरवून ठेवलीस. "आत्ते बराबर दिसस," म्हणालास. मला वाटलं आता तुझी नोकरी जाणार. शेठच आधी हसले म्हणून वाचलास.

पण किरणभाई हसले नाहीत. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "दिवाळी पहेलां यादी साची आवे तो ठीक, नहि तो पाछी फ्लॉपी." दिवाळीआधी यादी खरी आली पाहिजे, नाहीतर व्हर्जन कंट्रोल बंद, पुन्हा फ्लॉप्यांचं कपाट. आजूबाजूच्या ऑफिसांत सन दोन हजारचं भूत शिरलंच होतं. कॉम्प्युटर तारखा विसरणार, सगळं बंद पडणार, असं रोज कोणी ना कोणी येऊन त्यांना सांगायचं. आपला तो विदेशी, फुकटात मिळालेला प्रोग्राम त्यांना मुळातच संशयाचा वाटत होता. तुझं दोन वर्षांचं काम त्या एका वाक्यावर येऊन थांबलं.

मी म्हटलं, सोपं आहे. श्री बंद कर. रेघ बंद कर. नोंद म्हणजे लग्नपत्रिका नाही.

तू माझ्याकडे असं बघितलंस, जणू मी तुला जेवण बंद कर म्हटलंय. "मानूस त्यान्या रीतवरी लिखी," म्हणालास. "तू प्रोग्रामले रीत शिकाड." मी म्हटलं, उद्या कोणी नोंदीत गणपती काढेल, परवा कोणी पाळणा लिहील, प्रोग्रामने किती जणांच्या रीती शिकायच्या? तू म्हणालास, सगळ्यांच्या. नाहीतर तो कसला शहाणा? मग मी म्हटलं, बरं. तू पॅच लिही, प्रोग्रामला लावायचं दुरुस्तीचं ठिगळ, मी तपासते. आणि एक सांगून ठेवते, मी दया करणार नाही.

"तू सासू शेच," तू म्हणालास, आणि माझं नाव पडलं ते पडलंच.

भटू, ते महिने मला आता जन्मभर पुरतील. तुझा पहिला पॅच आला. यंत्र मारतं तेवढ्याच लांबीची रेघ असेल तरच नोंद संपली समजायची, असं तू केलं होतंस. मी वाचून हसले. एक नोंद लिहिली, रेषेचं बटण दाबून धरलं आणि बरोबर यंत्राएवढी रेघ ओढली. प्रोग्राम फसला. मी तुझ्या टेबलावर कागद ठेवला, वर लाल शाईत एकच शब्द. तू उठलास, शर्ट झाडलास आणि म्हणालास, "लोचो पड्यो. चाल, लोचो खाऊत."

तेव्हापासून ती रीतच झाली. सुरतेत ज्याला लोचो म्हणतात तो पिवळा, गरम, तेल आणि शेव घातलेला पदार्थ करताना बिघडलेल्या खमणातून झाला म्हणतात, म्हणून बिघडलेल्या पॅचला तोच शोभतो, हे तुझं म्हणणं. नापास झालास की लोचो. मार्केटच्या मागच्या गल्लीत, उभ्याने. द्रोणातला शेवटचा घास संपेपर्यंत पॅचबद्दल बोलायचं नाही, हा माझा नियम. तू तो कधी पाळला नाहीस. तोंडात घास असतानाच तुझं सुरू व्हायचं, "आन् रेघनंतर नंबर आन् तारीख दिसनी तरच?"

तो दुसरा पॅच. रेघ दिसली, तरी पुढच्या दोन ओळी खरंच नंबर आणि तारखेसारख्या आहेत का ते बघायचं. नसतील तर ती रेघ माणसाची, मजकूर पुढे वाचत राहायचं. हा पॅच बघून मला आनंद झाला होता, हे मी तुला सांगितलं नाही. तुझा श्री त्याने बरोबर ओळखला. तुझ्या रेघेखालचा मजकूर पहिल्यांदा यादीत आला. तू खुर्चीवर उभा राहिलास, किरणभाई आतून ओरडले.

आणि मग मी तो पाडला. कसा, तर आपणच करतो तसं करून. जुना बदल मागे घेताना लोक काय करतात? जुन्या नोंदीचा उतारा नव्या नोंदीत चिकटवतात, रेघ, नंबर, तारखेसकट, म्हणजे वाचणाऱ्याला कळावं. मी तेच केलं. प्रोग्रामला त्यात एक जास्तीची, कधी न झालेली नोंद दिसली. यादीत एक खोटा बदल आला. तू पडद्यावरच्या त्या खोट्या ओळीवर बोट ठेवलंस. मग म्हणालास, "तू घरमा कशी वागस व?" मी म्हटलं, घरी मी भाज्या निवडते, तिथेही किडकी भेंडी सोडत नाही.

त्या दिवशीच्या लोचोवर आपलं खरं भांडण झालं. तुझं म्हणणं होतं, या नोंदी छापून येतात तेव्हाच गडबड होते. त्या जिथे साठवल्या जातात ती मूळ फाइलच वाचू. तिथे प्रत्येक नोंदीला दोन्ही बाजूंनी खुणा असतात, रेघेचा प्रश्नच नाही. मी म्हटलं नाही. ती फाइल त्या प्रोग्रामचं स्वतःचं घर आहे. तो दारात येऊन जे सांगतो तेवढं ऐकायचा आपला हक्क. घरात त्याने उद्या सामान हलवलं तर आपण अंधारात ठेचकाळणार. तिथे तर सालसुद्धा दोनच आकड्यांत लिहिलेलं असतं, किरणभाईंनी बघितलं तर त्यांचं अन्न गोड लागायचं नाही. तू म्हणालास, "दारवर तो खोटं बोलस तर? मी घरमा शिरसू." मी म्हटलं, तो खोटं बोलत नाही, आपल्याला ऐकायला येत नाही.

तू चमचा द्रोणात टाकलास आणि चालायला लागलास. रिंग रोड ओलांडेपर्यंत मागे वळला नाहीस. तिथे थांबलास, कारण रस्ता ओलांडायला मला भीती वाटते हे तुला माहीत होतं. रिक्षांच्या गर्दीतून मला पलीकडे आणलंस आणि पुन्हा पुढे निघून गेलास. हे भांडण आपलं संपलेलं नाही. अजूनही मला वाटतं मी बरोबर होते. पण कधीकधी बसमध्ये बसल्यावर तुझ्या बाजूने मीच चार मुद्दे काढते. चांगले मुद्दे आहेत. तुला सुचले असते तर मी अडचणीत आले असते.

त्या शनिवारी तू एक फ्लॉपी माझ्यासमोर ठेवलीस. डोळे लाल दिसत होते, कपाळाला बाम चोळलेला. मी म्हटलं, घरी जा. "जास," म्हणालास. "सोमवारले नापास करी देजो. पन नापास नही करता उनं, तर यानी नोंद तू लिखशी. वर श्री. खाले रेघ. तुना हातनी." मी म्हटलं, नापास नाही करता आलं तर? स्वप्न बघ. तू हसलास. दारातून परत वळून हाताने रेघ मारल्याची खूण केलीस.

सोमवारी तू आला नाहीस. मलेरिया होता, आणि तो डोक्यात चढला. सिव्हिलमध्ये आम्ही पोचलो तोपर्यंत तू कोणाला ओळखत नव्हतास. पुढचं मी लिहीत नाही. तुला माहीत आहे, किंवा तुलाच माहीत नाही आणि ते बरं आहे. मी तुझ्यावर खूप रागावले होते, भटू. बाहेरच्या बाकावर बसून मी तुला मनातल्या मनात शिव्या दिल्या. मला पॅच तपासायचा होता आणि तपासून झाल्यावर भांडायला समोर कोणी नव्हतं.

दिवस झाल्यावर मी बमरोलीला गेले. तुमच्या चाळीच्या खोलीत माग नाहीत, पण भिंतीपलीकडचे माग जमिनीतून पायांना जाणवतात. तुझी आई दारातच बसली होती. मी नाव सांगितलं तर तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तूच शे का ती सासू?"

मला रडावं की हसावं कळेना. दोन्ही केलं. तिनेही. मग मला हाताला धरून आत बसवलं, चहा टाकला आणि पाठमोरी राहूनच विचारलं, "माय, त्यानं ते काम पुरं व्हयनं का?"

मला खोटं बोलता येईना. फ्लॉपी माझ्या ड्रॉवरमध्ये तशीच होती, मी हात लावला नव्हता. हात लावला तर ते संपेल असं वाटत होतं. मी म्हटलं, अजून तपासायचं आहे, काकू. ती म्हणाली, "मंग तपास ना." एवढंच. कप पुढे केला. तुझ्यासारखीच आहे, प्रस्तावना नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसात जाऊन फ्लॉपी घातली. आणि आता ऐक, कारण हे मला तुझ्या तोंडावर सांगायचं होतं.

तू माझं ऐकलं होतंस. घरात शिरला नव्हतास. दारातच उभा राहून तू असं काही ऐकलंस, जे इतके महिने दोघांच्याही कानांवरून जात होतं. नोंदी ओकायला सुरुवात करण्याआधी तो प्रोग्राम वरच सांगतो, की पुढे इतक्या नोंदी येणार आहेत. रोज दिसणारी ओळ. आपण ती वगळून पुढे वाचत होतो. तू ती धरलीस. वर सांगितलेला आकडा आणि आपण मोजलेल्या नोंदी जुळवायच्या, बस. जुळलं तरच यादी छापायची.

मी आधी म्हटलं, एवढंच? मग चहा आला, तो गार झाला, आणि माझ्या लक्षात आलं. खरी नोंद तर तुझ्या दुसऱ्या पॅचमधून सुटतच नाही, कारण खऱ्या नोंदीपुढे नंबर आणि तारीख असतेच. खोटी नोंद शिरू शकते, पण शिरली की आकडा वाढतो. कमी होऊच शकत नाही. म्हणजे आकडा जुळला, तर आत एकही खोटी नोंद नाही. एकही! हे तपासायला उदाहरणं लागत नाहीत, ते तसंच आहे. मी खुर्चीवर उभी राहिले, भटू. खरंच. किरणभाईंनी आतून डोकावून बघितलं आणि दार ओढून घेतलं.

तुला हे असं पूर्ण दिसलं होतं का, की आकडा नुसता हाताला लागला? पॅचमध्ये तू काही लिहून ठेवलेलं नाहीस. आता कळायचं नाही. मी असं धरून चालते की दिसलं होतं, आणि तू ते मला शोधायला ठेवलंस, माझी जिरवायला.

तरी मी सासू ती सासूच. मी माझी जुनी खोडी केली. जुन्या नोंदीचा उतारा, रेघ, नंबर, तारखेसकट एका नोंदीत चिकटवला आणि तुझा प्रोग्राम चालवला. मागे याच जागी तो खोटं बोलला होता. या वेळी त्याने यादी छापली नाही. पडद्यावर इंग्रजी अक्षरांत तीन वाक्यं आली, आणि ती इंग्रजी नव्हती.

गिनती जुयनी नही. मी थांबी गऊ. आते तूच दख.

मी ती पुन्हा पुन्हा वाचली. मोजणी जुळली नाही. मी थांबलो. आता तूच बघ. मागच्या तपासणीत मीच लिहिलं होतं ना, की चूक झाल्यावर प्रोग्रामने अंदाज लावू नये, थांबावं, आणि वापरणाऱ्याला त्याच्या भाषेत सांगावं. तू माझं म्हणणं मानलंस, फक्त भाषा तुझी घेतलीस. तू ही ओळ शनिवारी ताप अंगात घेऊन लिहिलीस, मला चिडवायला लिहिलीस, तुझ्या मनात दुसरं काही नव्हतं हे मला पक्कं माहीत आहे. म्हणून तर मी तिच्यासमोर इतकी रडले.

मग डोळे पुसून मी ती खोडी काढून टाकली आणि व्हर्जन कंट्रोल आणल्या दिवसापासूनच्या सगळ्या नोंदींवर तुझा पॅच चालवला. प्रिंटर घरघरायला लागला. किरणभाई बाहेर आले. कागद लांबत लांबत जमिनीवर आला. जिथे जिथे नुसता श्री होता, तिथे आता श्रीखाली मजकूर होता. भोकांची सांधेजोड सुधारली. रंग बदलताना धागा तुटतो ते थांबवलं. कामरेजच्या कारखान्यासाठी रात्रपाळीचा वेग कमी केला. शैलाने सांगितलं म्हणून बदललं. शैलाने सांगितलं म्हणून पुन्हा पूर्वीसारखं केलं. किरणभाई कागद हातात धरून वाचत राहिले. "आटलुं बधुं?" ते म्हणाले. "आ बधुं एणे कर्युं?" एवढं सगळं त्यानेच केलं का?

मी म्हटलं, हो. आणि जापही केला.

फ्लॉप्यांचं कपाट त्यांनी त्याच दुपारी खालच्या साडीवाल्यांना देऊन टाकलं. दिवाळी अजून यायची आहे. नवा प्रोग्राम यादीसकट बमरोलीला गेला, आणि काल त्या शेठनी साडी पाठवली. मोर पायांवर उभे आहेत. ती साडी मी तुझ्या आईला नेऊन दिली. तिने किनारीवरून हात फिरवला. मी तिला ती तीन वाक्यं म्हणून दाखवली. ती म्हणाली, "हां. तो आसाच बोले." मी म्हटलं, "पुरं व्हयनं, काकू." माझी अहिराणी ऐकून ती हसली. तू असतास तर महिनाभर नक्कल केली असतीस.

आता एकच काम उरलं होतं, आणि ते मी आज सकाळी केलं. तुझा पॅच आत टाकला. नोंद मी लिहिली, माझ्या हाताने. वर श्री. खाली रेघ, यंत्राएवढीच लांब, मुद्दाम. त्याखाली लिहिलं: भटूचा पॅच. तपासला. पास. मग नोंदी मागवल्या आणि श्वास धरून बसले, कारण इतक्या भांडणानंतर माझ्याच पहिल्या श्रीखालचा मजकूर गिळला गेला असता तर तू वर बसून पोट धरून हसला असतास.

नाही गिळला. श्री आला, रेघ आली, खालचा मजकूर आला, तुझं नाव आलं. आणि शेवटी तू ठेवलेली ती दुसरी ओळ आली, जी सगळं बरोबर असलं तरच येते.

गिनती जुयनी.